वाचकांचे प्रश्न : सवयीच्या लिनक्सच्या पुढे काय?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाची होती : लिनक्स हाताला बसले, आता अधिक कस लावणारे काहीतरी हवे. म्हणून हे सदर या वेळी त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी सात-आठ वर्षे लिनक्स वापरत आहे. सुरुवात उबुंटूने झाली, गेली काही वर्षे डेबियनवर आहे. टर्मिनलची भीती कधीच गेली. शेल स्क्रिप्ट लिहितो, सर्व्हिस सुरू-बंद करतो, एकदा बिघडलेला बूटलोडरही दुरुस्त केला आहे. पण आता महिनोन्‌महिने काहीच बिघडत नाही आणि नवीन काही शिकल्यासारखेही वाटत नाही. आर्च, जेन्टू, स्लॅकवेअर आणि व्हॉइड ही नावे समोर आहेत. यांतले सर्वांत कठीण कोणते आणि मी कोणते निवडावे?

उत्तर : ‘सर्वांत कठीण कोणते’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा, असे मी सुचवेन, कारण या चौघांची अडचण एका जातीची नाही. डेबियन तुमच्या वतीने बरीच कामे बिनबोभाट उरकत असते : कोणत्या प्रोग्रामला कोणती लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात असा तयार कोड) लागते ते शोधणे, तो प्रोग्राम कोणत्या सुविधांसह कंपाइल करायचा (मूळ कोडपासून चालण्याजोगा बनवायचा) ते ठरवणे, नव्या पॅकेजची सर्व्हिस सुरू करून देणे आणि एका आवृत्तीपासून पुढच्या आवृत्तीपर्यंतची साधारण दोन वर्षे मोठे बदल तुमच्यापर्यंत येऊ न देणे. कठीण म्हणून ओळखले जाणारे प्रत्येक डिस्ट्रिब्युशन यांतले एखाद-दुसरे काम काढून तुमच्या हाती देते आणि बाकीची स्वतःकडेच ठेवते. तेव्हा यांतले कोणते काम आपल्याला स्वतः करून पाहायचे आहे हे एकदा ठरले, की निवड बरीचशी झालेलीच असते.

स्लॅकवेअर तुमच्या हाती देते ते डिपेन्डन्सी, म्हणजे एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजे, सांभाळण्याचे काम. पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी जुलै १९९३ मध्ये पहिली आवृत्ती काढलेले हे डिस्ट्रिब्युशन आज चालू असलेल्यांमध्ये सर्वांत जुने आहे, आणि त्याची पॅकेज बसवणारी साधने डिपेन्डन्सी पाहतच नाहीत. पॅकेज मुकाट्याने बसते. उणीव कळते ती प्रोग्राम चालवल्यावर, अमुक लायब्ररी उघडता आली नाही असा संदेश आला म्हणजे. मग ‘एलडीडी’ ही कमांड चालवून कोणती लायब्ररी सापडत नाही ते पाहायचे, ती कोणत्या पॅकेजमध्ये आहे ते शोधायचे, ते बसवायचे आणि पुन्हा पाहायचे. सर्व्हिस सुरू करण्याची रीतही तशीच उघडी आहे : ‘आरसी-डॉट-डी’ या फोल्डरमधल्या स्क्रिप्टला एक्झिक्यूट करण्याची परवानगी दिली की पुढच्या बूटला ती सर्व्हिस चालू होते, परवानगी काढली की होत नाही. बूट होताना नेमके काय घडते ते साध्या मजकुराच्या फायलींतून ओळीओळीने वाचायचे असेल तर याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. मात्र संपूर्ण संच एकदम बसवावा अशीच स्लॅकवेअरची शिफारस असते, आणि त्या संचातली सर्व पॅकेजे एकमेकांना जुळवूनच दिलेली असतात. शिवाय १४.२ ही आवृत्ती २०१६ ची आणि त्यानंतरची १५.० ही फेब्रुवारी २०२२ ची, अशी तिथली चाल आहे. काहीच बिघडत नाही अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांना पहिल्या महिन्यानंतर स्लॅकवेअरवरही तीच तक्रार करावी लागेल.

व्हॉइड मला आवडते, पण कठीण म्हणून नव्हे. मूळ नेटबीएसडी या युनिक्सच्या कुळातल्या प्रणालीवर काम केलेल्या हुआन रोमेरो पार्दिनेस यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या या डिस्ट्रिब्युशनमध्ये सर्व्हिस सुरू करून सांभाळण्यासाठी सिस्टिमडीऐवजी रनइट आहे. सर्व्हिस म्हणजे ‘रन’ नावाची एक स्क्रिप्ट असलेले फोल्डर. त्याची सिमलिंक (मूळ जागेकडे बोट दाखवणारी फाइल) ठरलेल्या जागी टाकली की ती चालू होते. तुमच्यासारख्याला हे आठवडाभरात अंगवळणी पडेल. जी-लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी घेतलेली त्याची आवृत्ती निवडली, तर गोष्ट थोडी वेगळी होते, कारण जी-लिबसी गृहीत धरून कंपाइल केलेले तयार प्रोग्राम तिथे चालत नाहीत. आर्चबद्दल पुढच्या प्रश्नात सविस्तर लिहिले आहे.

तुमच्या पत्रावरून मला वाटते, की तुम्ही जेन्टू घ्यावे. डॅनियल रॉबिन्स यांनी उभे केलेल्या आणि २००२ मध्ये १.० या आवृत्तीला पोहोचलेल्या जेन्टूमध्ये तुमच्याकडे येते ते प्रत्येक प्रोग्रामची घडण ठरवण्याचे काम. सुरुवात ‘स्टेज-३’ नावाच्या एका अर्काइव्हने होते. स्वतः केलेल्या पार्टिशनवर ते उलगडायचे, क्रूट करून (म्हणजे तेच फोल्डर रूट मानून) त्याच्या आत जायचे, प्रोफाइल निवडायचे, ‘मेक-डॉट-कॉन्फ’ लिहायची, कर्नल आणि बूटलोडर बसवायचा. हे सारे हँडबुकमध्ये इतक्या नेटकेपणाने दिलेले आहे, की तुमच्यासारख्याला त्यात अडण्याचे कारण नाही. खरा अभ्यास त्यानंतर सुरू होतो, आणि तो यूज फ्लॅगचा असतो.

यूज फ्लॅग म्हणजे एखादी सुविधा हवी की नको याची खूण. ‘मेक-डॉट-कॉन्फ’मध्ये वजाचे चिन्ह लावून ब्लूटूथ लिहिले, की आवाजाची व्यवस्था पाहणाऱ्या पाइपवायरपासून डेस्कटॉपपर्यंत ज्या ज्या पॅकेजला तो फ्लॅग आहे ते ब्लूटूथचा भाग वगळून कंपाइल होते. हे ऐकायला सोपे आहे; पण नको असलेली सुविधा दुसऱ्या कुणाला तरी हवी असते आणि पोर्टेज (जेन्टूचे पॅकेज बसवणारे साधन) तुम्हाला अडवते. याचा नेहमीचा नमुना फ्रीटाइप आणि हार्फबझ यांच्या जोडीत दिसतो. फ्रीटाइप अक्षरांचे आकार रेखाटते. हार्फबझ कोणत्या अक्षरामागे कोणते कसे बसेल ते ठरवते (पडद्यावरची देवनागरी जोडाक्षरे नीट जुळतात ती अशाच लायब्ररीच्या जोरावर). आता फ्रीटाइपला हार्फबझची सोय हवी असेल तर आधी हार्फबझ लागते, आणि हार्फबझला ट्रूटाइपची सोय हवी असेल तर आधी फ्रीटाइप लागते. पोर्टेज हे वर्तुळ दाखवून थांबते. उपाय असा, की फ्रीटाइप एकदा हार्फबझचा फ्लॅग बंद ठेवून कंपाइल करायचे, त्यावर हार्फबझ करायचे आणि मग फ्रीटाइप पूर्ण सुविधांसह पुन्हा करायचे. हे एकदा स्वतःच्या हाताने केले, की डेबियनच्या पॅकेज तयार करणाऱ्यांनी आपल्यासाठी कोणते प्रश्न आधीच सोडवून ठेवले होते ते प्रथमच दिसू लागते, आणि तुमच्या पत्रातली उणीव नेमकी हीच आहे.

कर्नलची गोष्टही तशीच आहे. जेन्टूमध्ये तयार कर्नल मिळतो आणि पहिल्या खेपेस तोच घ्यावा. नंतर मात्र स्वतःचा कर्नल कंपाइल करून पाहा. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ हा पर्याय त्या क्षणी लोड असलेले मॉड्यूल पाहून बाकीचे सारे वगळतो आणि हजारो पर्यायांची यादी आटोक्यात आणतो. त्यातली मेख ‘त्या क्षणी’ या शब्दांत आहे. यूएसबी वेबकॅम जोडलेला नसेल, एक्सफॅटची बाहेरची डिस्क लावलेली नसेल, तर त्यांचे मॉड्यूल गळतात, आणि ते कळते पंधरवड्याने, गरज पडल्यावर. तेव्हा ती कमांड देण्याआधी घरातले प्रत्येक उपकरण एकदा जोडून घ्यावे. रूट पार्टिशन ज्या फाइलसिस्टिमचे आहे तिचा आणि ज्या डिस्कवर ते आहे तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच हवा किंवा इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला मेमरीत उतरणाऱ्या तात्पुरत्या फाइलसिस्टिममध्ये) हवा. तो राहिला तर कर्नल रूट माउंट करता येत नाही असे सांगून तिथेच थांबतो. तो पडदा पाहून घाबरू नये. बूटच्या मेनूमध्ये जुना कर्नल ठेवलेला असला की झाले.

दोन इशारे. वेगासाठी जेन्टू घेऊ नये. आपल्या प्रोसेसरसाठी खास कंपाइल केल्याने मिळणारा फायदा नेहमीच्या वापरात क्वचितच जाणवतो, आणि कंपाइल करण्यात गेलेला वेळ त्यातून कधीच भरून निघत नाही. दुसरे म्हणजे मेमरी. एकाच वेळी जितकी कामे कंपाइलरला द्याल त्या प्रत्येकासाठी साधारण २ जीबी रॅम धरावी, असे हँडबुक सांगते. आठ कोअरचा प्रोसेसर आणि ८ जीबी रॅम असेल तर आठ नव्हे, चारच कामे द्यावीत. मोठे ब्राउझर आणि ऑफिस संच कंपाइल करण्याचा हट्टही धरू नये. जेन्टूने डिसेंबर २०२३ पासून तयार बायनरी पॅकेजांचा मोठा साठा अधिकृतपणे उपलब्ध केला आहे. ज्यातून काही शिकायचे ते स्वतः कंपाइल करावे आणि ज्यात केवळ पंखा फिरतो ते तयार घ्यावे. हे कमीपणाचे मानणारे लोक भेटतील, त्यांचे ऐकू नये.

प्रश्न : आर्च कठीण आहे असे ऐकून मी ते घेतले. सोबत आलेल्या आर्चइन्स्टॉलने प्रश्न विचारले, मी उत्तरे दिली आणि चहा होईपर्यंत डेस्कटॉप समोर आला. मग आर्चचा एवढा दबदबा कशासाठी?

उत्तर : तो दबदबा बराचसा जुन्या काळातला आहे. जड व्हिनेट यांनी मार्च २००२ मध्ये आर्चची पहिली आवृत्ती काढली. बसवताना पार्टिशनपासून सारे हाताने करावे लागे, आणि त्या एका संध्याकाळच्या कष्टालाच लोक आर्च समजू लागले. आर्चइन्स्टॉल २०२१ पासून अधिकृत आयएसओमध्ये आले आणि ती संध्याकाळ वाचली. पण बसवणे हा आर्चचा कठीण भाग कधीच नव्हता. आर्चची परीक्षा पुढे रोजच्या निगराणीत असते, आणि तुमची ती अजून सुरू व्हायची आहे.

आर्चमध्ये आवृत्त्या नसतात, बदल अखंड येत राहतात, आणि ते पचवण्याची जबाबदारी तुमची असते. यातली पहिली शिस्त अशी, की पॅकेजांची यादी ताजी करून एकच पॅकेज बसवायचे नाही. अद्ययावत करायचे तर सर्वच करायचे. कारण समजून घ्या. नव्या यादीतून आलेला प्रोग्राम आपल्याबरोबर एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती ओढून आणतो, जुन्या क्रमांकाची फाइल निघून जाते, आणि तोच क्रमांक शोधणारे तुमचे उरलेले प्रोग्राम एकेक करून उघडेनासे होतात. डेबियनवर जे सहज खपते ते इथे खपत नाही.

दुसरी शिस्त ‘पॅकन्यू’ फायलींची. तुम्ही बदललेली कॉन्फिगरेशन फाइल आर्चचा पॅकेज मॅनेजर पॅकमन पुसत नाही. नवी फाइल ‘पॅकन्यू’ हे शेपूट लावून शेजारी ठेवतो आणि पुढे जातो. दोन्ही शेजारी उघडून कोणता बदल घ्यायचा हे ठरवण्याचे काम तुमचे. पॅकडिफ हे साधन त्यासाठीच आहे. वर्षभर कुणी ते केले नाही तर काहीच होत नाही, आणि मग एके दिवशी लॉगिन होत नाही.

तिसरे, अद्ययावत करण्याआधी आर्चच्या सूचना वाचणे. ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस ग्रब या बूटलोडरमध्ये असा बदल झाला, की डिस्कवर आधी बसलेला बूटलोडर जुना आणि नव्याने तयार केलेले कॉन्फिगरेशन नवे, अशी जोडी जमली तर काही संगणक बूट होईनात. कॉन्फिगरेशनबरोबर बूटलोडरही पुन्हा बसवा, अशी सूचना आर्चने तेव्हा दिली होती. ज्यांनी ती वाचली त्यांचे काम एका कमांडचे होते, आणि ज्यांनी वाचली नाही त्यांना पेनड्राइव्ह शोधावा लागला.

एयूआर या आर्चच्या बिनअधिकृत पॅकेजसाठ्याबद्दल एवढेच, की तिथली पॅकेजे वापरकर्त्यांनी दिलेली असतात आणि बसवण्याआधी पॅकेज कसे बनवायचे ते सांगणारी पीकेजीबिल्ड ही फाइल वाचणे हा शिष्टाचार नसून संरक्षण आहे. जुलै २०१८ मध्ये कुणीही सांभाळत नसलेले पीडीएफ वाचकाचे एक पॅकेज कुणीतरी दत्तक घेतले आणि त्यात बाहेरून स्क्रिप्ट आणून चालवणारी ओळ घातली. ती ओळ फाइल उघडून पाहणाऱ्याला डोळ्यांनी दिसण्यासारखी होती. स्त्रोत कुठल्या पत्त्यावरून येतो आणि बसवताना वेगळे काही चालवले जाते का, एवढे दोन मुद्दे पाहण्याची सवय लावली तरी पुष्कळ आहे.

प्रश्न : सुरक्षेच्या क्षेत्रातले लोक वापरतात ते काली लिनक्स हेच सर्वांत वरचे ना? एकदम तेच घेतले तर?

उत्तर : काली हे डेबियनच्या ‘टेस्टिंग’ शाखेवर उभे असलेले, नेटवर्क आणि प्रणालींची सुरक्षा तपासण्याच्या साधनांनी भरलेले डिस्ट्रिब्युशन आहे. ते वापरणे डेबियनपेक्षा कठीण नाही, आणि रोजच्या कामासाठी ते बनवलेलेही नाही. त्या साधनांचा अभ्यास करायचा असेल तर व्हर्च्युअल मशीनमध्ये अवश्य घ्यावे. लिनक्स अधिक खोलवर समजावे म्हणून घेत असाल, तर तिथे तुम्हाला तुमचेच डेबियन वेगळ्या वॉलपेपरमागे दिसेल.

प्रश्न : मी व्यवसायाने प्रोग्रामर आहे. निक्सओएसमध्ये सगळी प्रणाली एका फाइलमध्ये लिहिता येते हे वाचून भारावलो, पण दोनदा प्रयत्न करून दोनदा परत आलो. माझे काय चुकत असावे?

उत्तर : बहुधा तुम्ही जुन्या सवयी बरोबर नेल्या. निक्सओएसमध्ये पूर्वीचा अनुभव ओझे ठरतो, आणि अनुभवी माणसांना ते कठीण जाते ते याच कारणाने. नवख्याला विसरण्यासारखे काही नसते.

नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात एल्को डोल्स्ट्रा यांनी २००६ मध्ये सादर केलेल्या पीएचडीच्या प्रबंधात निक्सची मांडणी आहे. तिचे सूत्र असे, की प्रत्येक पॅकेज निक्स स्टोअरमध्ये स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहते, आणि त्या फोल्डरच्या नावात ते पॅकेज ज्या ज्या घटकांपासून तयार झाले त्यांच्यावरून काढलेला हॅश (ठशासारखी अक्षरांची ओळ) असतो. घटक बदलला की हॅश बदलतो, म्हणून एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या शेजारीशेजारी सुखाने नांदतात. तुम्ही कॉन्फिगरेशन लिहून प्रणाली पुन्हा उभी केली, की आधीची प्रणाली तशीच राहते आणि बूटच्या मेनूमध्ये तिची नोंद दिसते. बिघाड झाला तर मागची नोंद निवडायची. हे इतके सुखाचे आहे, की ज्यांनी ते एकदा अनुभवले ते परत जायला सहसा तयार नसतात.

आता दुसरी बाजू. इंटरनेटवरून उतरवलेला तयार प्रोग्राम तुम्ही चालवता आणि तो सुरूच होत नाही; २०२४ पूर्वीच्या आवृत्त्यांत तर शेल सांगे, की अशी फाइलच नाही. फाइल तर समोर दिसत असे. हा अनुभव तुम्हाला पहिल्या दोन दिवसांतच आला असणार. खरे तर न सापडलेली वस्तू ती फाइल नसून तिच्या पोटात पत्ता लिहिलेला डायनॅमिक लोडर (प्रोग्राम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडून देणारा) असतो; इतर बहुतेक डिस्ट्रिब्युशनमध्ये तो ‘लिब-६४’ फोल्डरमध्ये ठरलेल्या जागी असतो, निक्सओएसमध्ये स्टोअरच्या आत कुठेतरी असतो. पॅचएल्फने फाइलमधला पत्ता बदलणे किंवा निक्स-एलडी चालू करून जुन्या जागी मध्यस्थ उभा करणे, हे त्यावरचे दोन उपाय. पायथनची कंपाइल केलेली तयार पॅकेजे थेट आणली तर हीच अडचण थोड्या वेगळ्या वेषात येते. यावरून लक्षात घ्यावे, की निक्सओएसवर ‘आत्तापुरते असे करू, नंतर पाहू’ याला फारशी जागा नाही. ‘ईटीसी’मधली फाइल हाताने बदलू गेलात, तर बहुतेक वेळा ती फक्त वाचण्यापुरतीच आहे असे आढळेल, बदल करायचा तो कॉन्फिगरेशनमध्ये.

प्रोग्रामर म्हणून तुम्हाला आणखी एक गोष्ट खुपेल. निक्सची भाषा फंक्शनल आहे, लहान आहे आणि दोन-चार दिवसांत येते. पण चूक झाली तर संदेश चुकीच्या जागेपासून फार दूरवरचा येतो, आणि अनंत आवर्तन सापडले एवढ्या एका ओळीवर अख्खी संध्याकाळ जाऊ शकते. माझा सल्ला असा, की तिसऱ्या वेळी प्रणालीपासून सुरुवात करू नये. तुमच्या सध्याच्याच डिस्ट्रिब्युशनवर फक्त निक्स पॅकेज मॅनेजर बसवा आणि एखाद्या प्रकल्पासाठी लागणारी साधने त्यातून घ्या. ते सवयीचे झाले की निक्सओएसकडे वळा. वळाल तेव्हा बूट मेनूमध्ये किती जुन्या नोंदी ठेवायच्या याची मर्यादा पहिल्याच दिवशी घाला, नाहीतर लहान बूट पार्टिशन जुन्या कर्नलांनी भरते आणि पुढचे अद्ययावतीकरण अर्ध्यात अडते. मागे जाण्याच्या सोयीवरही आंधळा भरवसा नको : मागे जाते ती प्रणाली, तुमचा डेटा नव्हे. डेटाबेसची नवी आवृत्ती घेतली आणि तिने डेटाच्या फायलींचे स्वरूप बदलले, तर मागची नोंद निवडून ते पूर्ववत होत नाही.

लिस्प कुळातली भाषा जवळची वाटत असेल तर याच कल्पनेवरचे, स्कीममध्ये लिहायचे गिक्स सिस्टिमही पाहावे. मात्र ते फक्त मुक्त सॉफ्टवेअर देते, त्यामुळे बंद फर्मवेअर मागणारे वायफाय कार्ड तिथे मूळ रूपात चालणार नाही. लॅपटॉप घेऊन बसण्याआधी हे तपासावे.

प्रश्न : लिनक्स फ्रॉम स्क्रॅच करून तेच रोज वापरावे, असा विचार आहे. शहाणपणाचे आहे का?

उत्तर : करावे अवश्य, रोज वापरू नये. गेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम डिस्ट्रिब्युशन नाहीच. ते एक पुस्तक आहे, आणि त्यातल्या सूचनांप्रमाणे तुम्ही प्रत्येक घटक मूळ कोडपासून स्वतः कंपाइल करता. त्यात पॅकेज मॅनेजर नाही. ओपनएसएसएलमध्ये सुरक्षेची त्रुटी सापडल्याची बातमी आली, की ती कळण्यापासून दुरुस्त करून बसवण्यापर्यंतचे सारे तुमच्याच अंगावर, आणि असे दर महिन्याला काहीतरी असतेच.

शिकायला मात्र यासारखे दुसरे काही नाही. पुस्तकात वेळ मिनिटांत देत नाहीत, कारण प्रत्येकाचा संगणक वेगळा. बिनयुटिल्स (असेंबलर आणि लिंकरचे पॅकेज) याची पहिली खेप एका कोअरवर कंपाइल व्हायला तुमच्या संगणकावर जितका वेळ लागेल ते एक एकक, आणि पुढचे सारे अंदाज त्या एककाच्या पटीत. सर्वांत मोलाचा टप्पा सुरुवातीचाच आहे. तिथे तुम्ही यजमान प्रणालीपासून अलग असा नवा कंपाइलर आणि नवी सी लायब्ररी उभी करता, आणि मग पुस्तक तुम्हाला एक रिकामा सी प्रोग्राम कंपाइल करून ‘रीडएल्फ’ने त्यातल्या डायनॅमिक लोडरचा पत्ता पाहायला सांगते. पत्ता अपेक्षित तोच निघाला तर पुढे जायचे; वेगळा निघाला, तर तिथेच थांबून मागचे तपासायचे. घाईत ही तपासणी वगळणाऱ्यांना चूक पुष्कळ पॅकेजांनंतर कळते. (वरच्या उत्तरातली निक्सओएसची अडचण हे पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.) कमांड उतरवून घेण्याऐवजी हाताने टाइप कराव्यात, आणि प्रत्येक पर्याय का दिला आहे याचे त्याखालचे स्पष्टीकरण वाचूनच पुढे जावे. ते स्पष्टीकरण वगळले तर उरते ते केवळ टंकलेखन.

प्रश्न : माझ्याकडे एकच लॅपटॉप आहे आणि पोटापाण्याचे काम त्याच्यावरच चालते. तरीही जेन्टू किंवा आर्च करून पाहायचे आहे. कसे करावे?

उत्तर : पहिली फेरी व्हर्च्युअल मशीनमध्ये करावी. त्यासाठीची क्यूईएमयू आणि केव्हीएम ही साधने सर्वत्र मिळतात. प्रत्येक टप्प्यानंतर स्नॅपशॉट घेतला की चुकण्याची भीती राहत नाही. पण तिथे सारे जमले म्हणजे लॅपटॉपवरही जमेल असे नाही, कारण व्हर्च्युअल मशीनची उपकरणे सरळ आणि गुणी असतात. वायफायचे फर्मवेअर, दोन ग्राफिक्स कार्डांतली निवड, झाकण मिटल्यावर झोपी जाऊन पुन्हा नीट उठणे या गोष्टी प्रत्यक्ष यंत्रावरच कळतात.

म्हणून दुसरी फेरी वेगळ्या डिस्कवर. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीला जागा असेल तर उत्तम, नसेल तर यूएसबीवरची चालेल. एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली ठेवणे भाग असेल तर ईएफआय पार्टिशन दोघींना सामाईक ठेवता येते. फक्त नवी प्रणाली बसवताना त्याचे फॉरमॅट करण्याचा पर्याय चुकूनही निवडू नये, नाहीतर जुन्या प्रणालीचा बूटलोडर त्याच क्षणी जातो. होम पार्टिशन मात्र सामाईक ठेवू नये. दोन डिस्ट्रिब्युशनमध्ये एकाच डेस्कटॉपच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, नवी आवृत्ती तुमच्या सेटिंगच्या फायली आपल्या सोयीने बदलते आणि जुनी त्या वाचून गोंधळते. कामाची कागदपत्रे तिसऱ्या पार्टिशनवर ठेवून दोन्ही होममधून त्याची सिमलिंक द्यावी, आणि दोन्हीकडे आपला वापरकर्ता क्रमांक एकच आहे ना हे पाहावे. तो वेगळा असला तर स्वतःच्याच फायली उघडताना परवानगी नाकारली जाते.

कामाच्या फायलींचा बॅकअप लॅपटॉपबाहेर हवा, हे वेगळे सांगायला नको. पण डिस्क लक्स या लिनक्सच्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेली असेल तर लक्सच्या हेडरचाही (डिस्कची किल्ली जपणाऱ्या सुरुवातीच्या भागाचाही) बॅकअप घ्यावा. पार्टिशनची हलवाहलव करताना हेडरवर काही लिहिले गेले, तर पासवर्ड अचूक माहीत असूनही त्या डिस्कवरचा डेटा पुन्हा वाचता येत नाही. हेडरची ती प्रत त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही, आणि ती इतर कुणाच्या हाती लागणार नाही याचीही काळजी घ्यावी.

शेवटी, सुटकेची रंगीत तालीम नवी प्रणाली कामाला लावण्याआधीच करून घ्यावी. सगळे सुरळीत चालू असताना लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा, एन्क्रिप्ट केलेले पार्टिशन उघडा, रूट माउंट करा, बूट आणि ईएफआयची पार्टिशने त्यांच्या जागी माउंट करा, ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ आत जोडा, क्रूट करा, इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करा, बाहेर या आणि नेहमीसारखे बूट होते का पाहा. या कमांड तुमच्या यंत्रावरच्या पार्टिशनच्या खऱ्या नावांसह कागदावर उतरवून तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवा, कारण त्या लागतील तेव्हा ज्या पडद्यावर त्या शोधायच्या तोच पडदा बंद असेल.